कोलम नसलेलं दार

पेरुंगुडी, चेन्नई
१२ जुलै

शिकाऊ हवालदारीणबाई रेवाताई,

सॅल्यूट. तुझा मोबाइल ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर जमा, आणि रविवारी मिळाला तरी तो मावशीच्या रडण्यात संपतो. म्हणून तुझा हा मावसभाऊ पेन धरतोय. बारावीनंतर पहिल्यांदाच. अक्षराला हसायचं नाही.

इथे माझं कॉलेज सुरू झालं. सिनेमा शिकवतात. बाबांच्या भाषेत सांगायचं तर, 'ज्याला काहीच जमत नाही त्याला सरकारमान्य टाइमपास.' पण यावेळी खरंच मजा आहे. दिव्यश्री मॅडमनी काम दिलंय, थ्रिलरची सुरुवात करून आणा. दोन मिनिटांची. फक्त सुरुवात. खून कोणी केला, कशाला केला, काही नको. बघणाऱ्याने खुर्चीत पुढे सरकून बसलं पाहिजे, बास.

आधी आठवडाभर मॅडमनी सिनेमांच्या सुरुवाती दाखवल्या. एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्यावर चादर टाकून नुसता आवाज. मग प्रत्येकाला विचारलं, भीती कुठे वाटली. सगळे इंग्लिशमध्ये लाइट, अँगल असं काय काय बोलले. माझी पाळी आली. मी म्हटलं, मॅडम, माणूस पालीला घाबरत नाही, आत्ता इथे होती ती पाल कुठे गेली त्याला घाबरतो. मी कराडला मावशीच्या पोळ्यांच्या डब्यात रबरी पाल ठेवायचो तेव्हा हेच शिकलो. मॅडम म्हणाल्या, परत सांग. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर लोकांनी मला 'परत सांग' म्हटलं आणि हात कानाकडे आला नाही.

आमची टीम तिघांची. कार्तिक कॅमेरावाला, हरिप्रिया आवाजवाली, आणि मी डोकंवाला. दोघं पक्के इथले. मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात आणि माझ्या तमिळला हसतात, पण माझ्या आयडिया चोरतात. शूटिंग आमच्याच बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर करायचं ठरलंय. चार दारं, लांब पॅसेज, एक ट्यूबलाइट फडफडते. फुकटचं लोकेशन.

पण पहिल्या शॉटमध्ये काय दाखवायचं ते सुचत नाही. कार्तिक म्हणतो रक्त. हरिप्रिया म्हणते लहान मुलीचं हसणं. मी म्हणतो दोघांनी घरी जा. तू पोलीस होणार ना, तूच सांग, तुम्ही लोक कशाला दचकता.

तुझा,
यश

ता.क. लिफ्टमध्ये साप निघालाय. खरंच.

*

ट्रेनिंग सेंटर
१८ जुलै

यशा, गधड्या,

तुझा लिफ्टमधला साप मी सगळ्या बरॅकला खरा म्हणून सांगितला. दोघी मुलींनी त्यावर अर्धा तास चर्चा केली. मग मला आठवलं की पत्र कोणाचं आहे. गेल्या दिवाळीत पाय मोडला म्हणून फोन केलास, मी एसटीने धावत कराडला आले, आणि तू दारात फुगडी घालत होतास. आता तू ढगातून सही आणलीस तरी मी विश्वास ठेवणार नाही.

इथे पहाटे उठवतात, पळवतात, मग वर्गात बसवून झोपू नका म्हणतात. पण कालचा तास तुझ्या कामाचा होता. घटनास्थळ कसं बघायचं. आम्हाला एका खोलीत नेलं आणि म्हणाले, काय दिसतं ते लिहा. आम्ही लिहिलं, खुर्ची, कप, चप्पल, पंखा चालू. आमच्या कदम मॅडमनी सगळ्यांचे कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, जे आहे ते कोणीही बघतं. जे तिथे रोज असतं आणि आज नाही, ते बघा. चप्पल एकच होती, यशा. जोडी नव्हती. आम्हा चाळीस जणींपैकी एकीलाही दिसलं नाही.

तेव्हा तुझ्या चौथ्या मजल्यावर रोज काय असतं ते बघ. मग ते काढून टाक. झाला तुझा पहिला शॉट. फी म्हणून चिवडा पाठव.

रेवा

*

पेरुंगुडी
२६ जुलै

रेवाताई,

तुझ्यामुळे मी मेलो. म्हणजे मी नाही, दुसरंच कोणीतरी मेलं असं लोकांना वाटलं. नीट सांगतो.

तुझं पत्र वाचलं आणि दार उघडून पॅसेजमध्ये उभा राहिलो. रोज काय असतं? समोर दिसलंच. रांगोळी. इथे तिला कोलम म्हणतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सकवारबाई आजी राहतात, एकट्या. मुलगा, एकोजी, कोइमतूरला. आजी तंजावरच्या मराठी. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कधी शेकडो वर्षांपूर्वी इकडे आले म्हणे. त्यांची मराठी पोथीतून बाहेर आल्यासारखी आहे. मला विचारतात, 'कोठें निघालास? जेवलास कीं?' आणि मधेच तमिळ. मी हसलो की म्हणतात, तुमची मराठीच नवी, आमची जुनी.

तर या आजी रोज उजाडताना दारापुढे पाणी शिंपडून, स्टुलावर बसून तांदळाच्या पिठाचे ठिपके टाकतात आणि एका रेषेत सगळे बांधतात. हात उचलत नाहीत. चौथ्या मजल्यावर चार दारं, आमचं सोडून तिन्हींपुढे कोलम. म्हटलं, मस्त. आमचं दार फ्रेमबाहेर ठेवायचं. दोन दारांपुढे आहे, तिसऱ्यापुढे नाही. कॅमेरा हळूहळू पुढे जातो आणि तिथे थांबतो.

सकाळी आजी आत गेल्या. मी ओल्या फडक्याने कोलम पुसला. मोबाइलवर शॉट घेतला, टीमला दाखवायला. एक नंबर आला. मग वाटलं, बघू तरी कोण दचकतं, म्हणून तसंच ठेवून घरात आलो आणि दाराच्या भोकाला डोळा लावला. फुलवाली आली. तिने दाराकडे बघितलं, टोपली डोक्यावर घेतली, बेल न वाजवता गेली. दूधवाला आला, उभा राहिला, चप्पल काढली आणि परत खाली गेला. मी आत पोट धरून हसतोय. मला वाटलं, दचकले.

थोड्या वेळाने लिफ्ट उघडली. आमचे सेक्रेटरी, अरुण अंकल. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळलेलं धोतर, अनवाणी. हातात हार. मागे सात-आठ जण. तेवढ्यात हरिप्रिया जिन्याने वर आली, तिने दार बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

ताई, मला कसं माहीत असणार. आपल्याकडे रांगोळी म्हणजे दिवाळी, नाहीतर लग्न. इथे रोज घालतात, आणि ज्या घरी माणूस जातं त्या घरापुढे त्या दिवशी घालत नाहीत. दार बघूनच लोकांना कळतं.

आजींनी दार उघडलं. हातात कॉफीचा टंबलर. सगळ्यांकडे बघून विचारलं, कोण गेलं? अरुण अंकलनी हार पाठीमागे घेतला. मग आजींनी खाली बघितलं. ओली फरशी. आणि त्यांना कळलं, ताई. त्या घरात त्या एकट्याच राहतात. म्हणजे हार कोणाला आणला होता ते.

टंबलर पडला नाही. त्यांनी तो नीट स्टुलावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

माझ्या घराच्या उंबऱ्यावर फडकं तसंच पडलेलं, पिठाचं. अरुण अंकलनी ते उचलून बाबांच्या हातात दिलं. म्हणाले, अजून एक तक्रार आली तर फ्लॅट रिकामा करायचा. घरमालकाशी पण बोललेत. बाबा माझ्याशी बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

यश

*

ट्रेनिंग सेंटर
१ ऑगस्ट

यश,

मी खोलीतली चप्पल काढायला सांगितली होती, माणूस नाही.

हसू येत होतं फुलवालीपर्यंत. मग नाही आलं. त्या बाईने स्वतःच्या मयताला आलेली माणसं बघितली रे. आता सॉरीचं पत्र वगैरे लिहू नकोस, तुझं अक्षर बघून अजून चिडतील. स्वतः जा. मान खाली घालून. विनोद करायचा नाही. तुला विनोद सुचला की खोक.

आणि तो मोबाइलवरचा शॉट आधी डिलीट कर.

रेवा

*

पेरुंगुडी
९ ऑगस्ट, सकाळी

रेवाताई,

शॉट डिलीट केला. कार्तिक दोन दिवस बोलला नाही, त्याला फार आवडला होता.

गेलो होतो आजींकडे. त्यांनी लाकडी दार उघडलं, पण बाहेरची जाळी नाही. मी मान खाली घातली. दोनदा खोकलो. आतून म्हणाल्या, 'माझ्या उंबऱ्याशीं येऊं नको.' एवढंच. मी म्हटलं बरं.

तेव्हापासून मी रोज सकाळी दाराच्या भोकातून बघतो. का ते विचारू नकोस. त्या येतात, ठिपके टाकतात, रेघ ओढतात, गुडघ्यावर हात ठेवून उठतात आणि आत जाताना बरोबर माझ्या दाराच्या भोकाकडे बघतात. त्यांना माहितीये मी बघतोय. सूर्य चुकेल, ते बघणं चुकत नाही.

आज त्या आल्याच नाहीत.

आता चांगलंच उजाडलंय. समोर फरशी कोरडी. मी भोकाशी स्टूल ओढलंय, मांडीवर पुठ्ठा, त्यावर हे पत्र. ताई, हे मी केलेलं नाही. आईची शप्पथ. फडकं आईने कपाटात कुलपात ठेवलंय.

फुलवाली आली होती आत्ता. तिने दार बघितलं, मग माझं दार बघितलं आणि हसली. बोट पण दाखवलं, लबाड म्हणून. टोपली घेऊन पुढे गेली. दूधवाल्याने पिशवी कडीला अडकवली. पिशवी तशीच लटकतेय.

आईला म्हटलं, आजी आल्या नाहीत. ती म्हणाली, मुलाकडे गेल्या असतील, तू त्या दाराकडे बघायचं पण नाही, मला हे घर सोडायचं नाहीये. अरुण अंकलना फोन केला. त्यांच्याकडे आजींच्या फ्लॅटची जादा किल्ली असते, एकोजींनी ठेवलीये. मी पुरतं बोलायच्या आत ते म्हणाले, 'मागच्या वेळी मी हार घेऊन आलो होतो तंबी. आता येणार नाही.' आणि फोन ठेवला. परत केला तर उचलत नाहीत.

उंबऱ्याशी जायचं नाही असं आजींनी सांगितलंय. तरी जाऊन बेल वाजवली. दोनदा. आत काही नाही. कान लावला. पाणी पडल्यासारखं वाटतंय. नळ. कोणी नळ चालू ठेवून कोइमतूरला जातं का? तुमच्या कदम मॅडम काय म्हणतील? रोज असतं आणि आज नाही, ते मी बघितलं, पण ज्याला दिसलं तोच खोटारडा असेल तर पुढे काय करायचं ते तू लिहिलंच नाहीस. एक मिनिट, आता आत काहीतरी

*

ट्रेनिंग सेंटर
१५ ऑगस्ट

यशा,

मानलं तुला. वाक्य मधेच तोडायचं, सही नाही, काही नाही. मी परेडहून आले, गणवेश न बदलता उभ्याने वाचलं. शेवटच्या ओळीला कागद उलटून पण बघितला. मग बरॅकमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. चौघींनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना सांग, सुरुवात तयार आहे, दहापैकी नऊ. एक मार्क कापला कारण आईची शप्पथ तू पाय मोडला तेव्हा पण घेतली होतीस.

मला एकच कळत नाही. ज्याला खरंच घाई असते तो अर्धवट पत्राला तिकीट लावून पोस्टात टाकायला जातो का? एवढं तरी ट्रेनिंग झालंय माझं.

आजींची माफी मिळाली का ते लिही. खरं खरं.

रेवा

*

ट्रेनिंग सेंटर
२४ ऑगस्ट

यश,

तुझं उत्तर नाही. तू आणि गप्प, हे मला पटत नाहीये.

रविवारी आईशी बोलले. तुझ्याबद्दल विचारलं तर ती म्हणाली, त्याचं नाव काढू नको, मावशीकडे फायर ब्रिगेड आली होती, पोलीस आले होते, भाऊजींचं डोकं ठिकाणावर नाही. मग माझी वेळ संपली. रांगेतल्या पुढच्या मुलीने फोन हातातून घेतला.

मी तुझं पत्र परत वाचलं. यावेळी एकटीने. फुलवालीने लबाड म्हणून बोट दाखवल्याचं, अंकलनी फोन ठेवल्याचं तू स्वतःच लिहिलंयस. थाप मारणारा स्वतःच्या विरोधात एवढं कशाला लिहील? आणि नळ. हे मला तेव्हा दिसायला हवं होतं.

मी टाळ्या वाजवून घेतल्या रे त्याच्यावर.

काय झालं ते लिही. वाईट असलं तरी लिही. थाप असली तरी चालेल. थापच असली तर मी तुला मिठी मारीन, मग मारीन.

रेवा

*

पेरुंगुडी
३० ऑगस्ट

ताई,

मिठी राहू दे. थाप नव्हती.

आधी पत्राचं. मी ते स्टुलावर टाकून पळालो. पाकीट, पत्ता, तिकीट सगळं आधीच तयार होतं. दुसऱ्या दिवशी घरात एवढा गोंधळ की आईने ऑफिसला जाताना घडी करून आत घातलं आणि पोस्टात टाकलं. वाचलं नाही. ती म्हणते, तुझं अक्षर कोण वाचतं.

आत काहीतरी घासल्यासारखा आवाज आला होता. मी जाळी हलवली, ओरडलो. शेजारच्या दोन्ही घरांतली माणसं डोकावली. एक काकू म्हणाल्या, आज कोणता शॉट? आणि दार लावलं. ताई, तो क्षण मी विसरणार नाही. मला माहीत आहे, आणि मी सांगतोय एवढ्यामुळेच कोणाला पटत नाही. खाली वॉचमनकडे पळालो. तो म्हणाला, सेक्रेटरींनी सांगितलंय, तुझं काही ऐकायचं नाही. अरुण अंकल सातव्या मजल्यावर राहतात. त्यांच्या दारावर थापा मारल्या, आतून टीव्हीचा आवाज वाढला.

मग जिन्यात ती लाल डबी दिसली. फायर अलार्मची. मी तिथे उभा राहिलो, ताई. खोटं नाही सांगत, बरंच उभा राहिलो. ती वाजवली की फ्लॅट गेला. आईचं घर, बाबांची अब्रू, सगळं गेलं. आणि आजी खरंच कोइमतूरला असल्या तर? मग विचार केला, माझ्या हाकेला एकही दार उघडत नाही. पण आग लागली तर सगळी दारं उघडतात. आणि जे उघडणार नाही, ते सगळ्यांना दिसेल.

काच फोडली.

काय वाजते ती. चौदा मजले बाहेर. कोणी टॉवेलवर, कोणी कुकरची शिटी हातात घेऊन, एका ताईंच्या अर्ध्या केसांना मेंदी. अरुण अंकल अर्धी दाढी केलेली, फेस तसाच, जिन्याने खाली धावत आले. चौथ्या मजल्यावर मी उभा. त्यांना दिसलो आणि काच मीच फोडली हे समजलं. त्यांनी माझी कॉलर धरली. हात वर गेलेला. सगळे ओरडतायत, शिव्या देतायत, तमिळमध्ये माझ्या खानदानाचं जे चाललं होतं ते मी शिकलोच नव्हतो.

मी काही समजावलं नाही. माझ्या मोडक्या तमिळमध्ये एवढंच म्हटलं, एल्लारुम वंदाच्चु. पाट्टी वरलै. सगळे आले. आजी आल्या नाहीत.

अलार्म वाजतच होता. अंकलनी वळून बघितलं. मजल्यावरची तीन दारं सताड उघडी. एक बंद. पुढे फरशी कोरडी. दुधाची पिशवी लटकतेय. त्यांनी माझी कॉलर सोडली नाही, पण हात खाली आला. मग एकदम सोडली आणि किल्ली आणायला वर पळाले, फेसासकट.

आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. पहाटे कोलमसाठी पाणी भरायला गेल्या आणि घसरल्या. नळ चालू, अंग गार पडलेलं. ओरडून ओरडून आवाज गेला होता, म्हणून बादली फरशीवर घासत होत्या. तोच आवाज. माझी बेल त्यांना ऐकू आली होती. दोन्ही वेळा.

उचलताना त्यांनी डोळे उघडले. मला बघितलं. मी खोकायला लागलो, सवयीने. त्या एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, 'आज पुसावयास कांहीं नव्हतें रे.' आणि परत डोळे मिटले.

मग फायर ब्रिगेड आली, पोलीस आले, आणि आजी दहा दिवस आयसीयूत. डॉक्टर काही सांगेनात. म्हणून लिहिलं नाही. जे माहीत नाही ते कसं लिहू? पोलिसांना अरुण अंकलनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण फुटलेल्या काचेची तक्रार झाली नाही. बाबा अजून बोलत नाहीत, पण परवा माझ्या ताटात स्वतःच्या हाताने पापड ठेवला.

आजी आता वॉर्डात आहेत. इडलीला नावं ठेवतात. म्हणजे वाचल्या.

यश

*

ट्रेनिंग सेंटर
६ सप्टेंबर

यशा,

तुझं पत्र मी बरॅकमध्ये मोठ्याने वाचलं. यावेळी पण. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. एक मुलगी उठून बाहेर गेली, तिची आजी गावी एकटी असते.

कदम मॅडमना सगळं सांगितलं, माझ्या टाळ्यांसकट. त्या म्हणाल्या, खोटं बोलणाऱ्याचं पण पूर्ण ऐकून घ्यायचं, हे वहीत लिहायला सांगते आता. माझ्या नावाने शिकवणार आहेत, वाईट उदाहरण म्हणून.

माफ कर. चिवडा माफ.

रेवाताई

*

पेरुंगुडी
२० सप्टेंबर

ताई,

वाईट उदाहरण होण्यात आपल्या घराण्यात तू पहिली नाहीस. स्वागत आहे.

आजी घरी आल्या. वॉकर घेऊन चालतात, सोबतीला एक बाई ठेवलीये. आल्या त्याच दिवशी मला बोलावलं. जाळी उघडी होती. मी उंबऱ्याच्या बाहेरच थांबलो. म्हणाल्या, ये. मग शिक्षा सांगितली. त्यांना वाकता येईपर्यंत त्यांच्या दारातला कोलम मी घालायचा. रोज. सोबतीची बाई म्हणाली, मी घालते की. आजी म्हणाल्या, 'तूं पुसलास कां? नाहीं ना? मग बैस.'

मी घालतो आणि त्या खुर्चीत बसून वॉकरने फरशी ठोकतात. ठिपका चुकला. रेघ तुटली. हात कां उचललास. माझा पहिला कोलम बघून दूधवाल्याने विचारलं, हे काय, किडनीचं ऑपरेशन? हरिप्रियाने व्हिडिओ काढून सगळ्या कॉलेजला पाठवला. कार्तिकला मी म्हटलं, पहिला शॉट मिळाला. हात कोलम घालतोय, रेघ पुढे सरकतेय, शेवटच्या ठिपक्यापाशी हात थांबतो. बस, पुढे जातच नाही. आजींना स्टोरीबोर्ड दाखवला. त्यात मी काढलेली बटाट्यासारखी माणसं बघून त्या हसल्या, पण म्हणाल्या, अर्धा कोलम घालून उठायचं नाही, शूटिंग झालं कीं पुरा कर. मॅडमना आवडलं. त्यांनी मार्क किती दिले ते सांगत नाही, तू परत एक कापशील.

पण खरी सुरुवात आज झाली.

काल रात्री एडिटिंग केलं, सकाळी जाग आली नाही. बाहेर बेलवर बेल, आरडाओरडा. मी बनियनवर दार उघडलं. समोर आजींच्या दारात सगळा मजला उभा. ती शॉट विचारणारी काकू जाळी हलवतेय. फुलवाली टोपली टाकून हाका मारतेय. वॉचमन शिडी घेऊन आलाय. अरुण अंकल किल्लीचा जुडगा घेऊन जिन्याने धावत, परत अर्ध्या दाढीवर. त्या माणसाला पूर्ण दाढी करू देत नाही मी.

दार उघडलं. सोबतीची बाई आज सुट्टीवर, म्हणून आजीच वॉकर रेटत हळूहळू दारापर्यंत आल्या होत्या. सगळ्यांकडे एकदा बघितलं, मग कोरड्या फरशीकडे, मग माझ्या बनियनकडे.

म्हणाल्या, 'मी मेलें नाहीं. हा झोपला.'

अरुण अंकलनी गालावरचा फेस पुसला, आजींच्या स्टुलावरचा पिठाचा डबा उचलला आणि माझ्या हातात दिला. आणि सगळे तिथेच उभे राहिले, ताई, कोणी घरी गेलं नाही, शेवटचा ठिपका बांधून होईपर्यंत.

यश